मायनिंगची पदवी घ्यावी का? कळव्याच्या पालकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: कुटुंब कळव्याचं, मुलगी बारावी झालेली. जेईई मेनच्या क्रमांकावर नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंग मिळेल असं दिसतंय. दुसरा पर्याय नवी मुंबईतल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. मायनिंगला नेमकं शिकवतात काय, मुलींना खाणीत घेतात का, आणि शिकून झाल्यावर ठाण्याच्या आसपास काही काम आहे का, हे पालकांना हवंय.

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. पदवीनंतरची चार-पाच वर्षं विदर्भ, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा अशा ठिकाणी राहायची तयारी असेल तर ही शाखा जरूर घ्यावी. ‘आता सीट पदरात पाडून घेऊ, पुढचं पुढे’ एवढ्या हिशेबाने घेऊ नये. या शाखेत पदवी म्हणजे निम्मी पात्रता. उरलेली निम्मी डीजीएमएसच्या, म्हणजे धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या, प्रमाणपत्राने पुरी होते. ते प्रमाणपत्र नुसत्या गुणपत्रिकेवर मिळत नाही, खाणीत भरलेल्या दिवसांवर मिळतं. खाणीचा मॅनेजर व्हायला कायद्याने ते लागतंच. म्हणून चार वर्षांतला प्रत्येक विषय ‘उद्या माझ्या सहीवर माणसं खाली उतरणार आहेत’ या नजरेने शिकायचा असतो. परीक्षेपुरतं शिकणाऱ्यांची गाडी पुढे इथेच अडते.

कॉलेजांचं आधी उरकून घेऊ. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत मायनिंगची पदवी नाही. पवईच्या आयआयटीतही भूविज्ञान आहे, मायनिंगचं बी.टेक. नाही. महाराष्ट्रात व्हीएनआयटी नागपूर आणि चंद्रपूरचं राजीव गांधी अभियांत्रिकी महाविद्यालय ही ठळक नावं. पहिल्याला जेईई मेन आणि जोसा (आयआयटी-एनआयटींचं एकत्रित जागावाटप), दुसऱ्याला राज्याची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि मुलींसाठी वेगळ्या जागाही असतात, त्यामुळे गेल्या वर्षीचे क्रमांक पाहताना ‘गृहराज्य’ आणि ‘फक्त महिला’ या दोन्ही रकान्यांतला आकडा पाहा. सगळ्यांसाठीचा आकडा पाहून बरेच पालक उगाच खचतात. राज्याबाहेर धनबादची आयआयटी (१९२६ पासूनचं इंडियन स्कूल ऑफ माइन्स, २०१६ मध्ये आयआयटी झालं), खरगपूर, बीएचयू, आणि एनआयटींमध्ये राउरकेला, सुरतकल, रायपूर.

पर्याय भरताना नाव नीट वाचा. ‘मायनिंग इंजिनिअरिंग’, ‘मायनिंग मशिनरी’ आणि ‘मिनरल अँड मेटलर्जिकल’ या तीन वेगळ्या शाखा आहेत. मॅनेजरच्या प्रमाणपत्राचा सरळ रस्ता पहिल्या नावातून जातो. एखाद्या अनोळखी खासगी विद्यापीठाची सीट समोर आली तर त्यांची मायनिंगची पदवी डीजीएमएसच्या प्रमाणपत्रासाठी मान्य आहे का, हे लेखी विचारा. ‘एआयसीटीईची मान्यता आहे’ हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

आता अभ्यासक्रम. पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं असतं तसंच: गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग. फरक एवढाच की इथे ड्रॉइंगची घडी नीट बसवावी लागते, कारण पुढे खाणीचा नकाशा हीच कामाची भाषा होते. दुसऱ्या वर्षापासून भूविज्ञान, सर्व्हे, खडकाचं यांत्रिकी, ड्रिलिंग-ब्लास्टिंग, व्हेंटिलेशन, खुल्या आणि भूमिगत खाणींच्या पद्धती, यंत्रसामग्री, खनिज प्रक्रिया, खाणीचं अर्थकारण, पर्यावरण आणि कायदा. यादी वाचून काही कळत नाही. म्हणून दोन-तीन विषय जवळून दाखवतो.

भूमिगत कोळसा खाणीची आपल्याकडची जुनी आणि अजून चालणारी पद्धत म्हणजे बोर्ड अँड पिलर. कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या काढायच्या आणि मध्ये चौकोनी खांब सोडायचे, साधारण वाशीच्या सेक्टरांच्या रस्त्यांसारखं. गॅलरीची रुंदी ४.८ मीटर आणि उंची ३ मीटरच्या वर न्यायला नियमाने परवानगी नसते. समजा खोली २०० मीटर, गॅलरी ४.८ मीटर आणि खांब ‘२५ मीटरचे’. किती टक्के कोळसा निघाला आणि खांबावर किती ताण आला, असा प्रश्न. घोळ पहिल्याच ओळीत होतो: २५ मीटर हे मध्यापासून मध्यापर्यंत की खांबाच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत? मध्य ते मध्य धरलं तर खांबाची खरी रुंदी २०.२ मीटर, निघालेला कोळसा सुमारे ३४.७ टक्के. खांबच २५ मीटरचा असेल तर मध्य ते मध्य २९.८ मीटर होतात आणि निघालेला कोळसा २९.६ टक्क्यांवर येतो. ताणाचंही तेच. वरच्या खडकाचा भार दर मीटरला साधारण ०.०२५ मेगापास्कल धरला तर २०० मीटरवर ५ मेगापास्कल. गॅलऱ्यांवरचा भारही खांबांनीच पेलायचा म्हणून पहिल्या बाबतीत तो ७.६६ होतो, दुसऱ्यात ७.१. उत्तरपत्रिकेत यात दोन गुण जातात. खाणीत यावर खांब टिकणार की कडेने फुटून सोलपटायला लागणार हे ठरतं.

हा हिशेब सरासरीचा झाला. छताचं वेगळं. धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने भारतीय कोळसा खाणींच्या छतासाठी १९८७ मध्ये गुण देण्याची पद्धत बसवली: थरांची जाडी ३० गुण, भेगा-फटींची रचना २५, पाणी-हवेत झिजण्याची प्रवृत्ती २०, खडकाची ताकद १५, भूजल १०. बेरीज १०० पैकी आणि तिच्यावरून छतात भोक पाडून बसवायचे लोखंडी बोल्ट किती, कुठे, याचा अंदाज. विद्यार्थ्यांना वाटतं ताकद सगळ्यात महत्त्वाची. तिला शंभरात पंधराच दिलेत, कारण कोळशाच्या वरचं छत बहुतेक वेळा खडक चिरडल्यामुळे पडत नाही. थर थरापासून सुटतो म्हणून पडतं. हे एकदा डोक्यात बसलं की बोल्टचं कामही कळतं: सुटे थर एकमेकांना शिवून त्यांची एक जाड तुळई करायची.

पुस्तकातला हा थर सुटणं म्हणजे काय, ते ट्रेनिंगमध्ये कानाने कळतं. छत तपासायची रीत साधी आहे. डोक्यावरचं छत आधीच पक्कं केलेलं आहे अशा जागी उभं राहायचं, लांब काठीने पुढच्या छताला ठोकायचं. छत पक्कं असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलेलं असेल तर भद्द, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. जाड थर सुटलेला असला की आवाज फसवतो, म्हणून हात पोचत असेल तर एका हाताने ठोकताना दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून थरथर बघतात. नवशिक्याची चूक ठरलेली: तपासायच्या छताखालीच उभं राहून ठोकणं. हे जुने सिरदार (खाणीतले कामगारांवर देखरेख करणारे) पहिल्या दिवशी शिकवतात, आणि त्यांचं ऐकण्यात इंजिनिअरपणाला कमीपणा येत नाही. उलट ज्याला सिरदाराशी आणि त्याच्या वरच्या ओव्हरमनशी बोलता येत नाही त्याची पहिली दोन वर्षं कठीण जातात.

व्हेंटिलेशन हा विषय मुलांना कोरडा वाटतो. खरं तर गणिताची आवड असलेल्यांसाठी हा सगळ्यात रसाळ. नियम सांगतो की प्रत्येक हवापट्ट्यात, म्हणजे हवेची स्वतंत्र वाट असलेल्या खाणीच्या भागात, सगळ्यात मोठ्या पाळीतल्या माणशी मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनाच्या टनामागे मिनिटाला २.५ घनमीटर हवा पोचली पाहिजे, यातलं जे जास्त असेल ते. चाळीस माणसं आणि रोजचे ३०० टन असतील तर २४० आणि ७५०. लागणारी हवा ७५० घनमीटर. दोन्हींची बेरीज करून ९९० लिहिणारे दरवर्षी भेटतात. आता वायूचा पडताळा: थरातून टनामागे ५ घनमीटर मिथेन सुटत असेल (म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा थर, पहिली श्रेणी १ घनमीटरपर्यंत, तिसरी १० च्या वर) तर दिवसाला १५००, मिनिटाला साधारण १.०४ घनमीटर. ७५० मध्ये मिसळल्यावर ०.१४ टक्के. पट्ट्याच्या परतीच्या हवेत ०.७५ टक्के आणि खाणीत कुठेही १.२५ टक्के ही मर्यादा, म्हणजे कागदावर सगळं आलबेल.

कागदावर. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो; हवा मंद असेल तिथे तो मिसळत नाही, छताला थर धरून बसतो. छत पडून झालेल्या खळग्यात, गॅलरीच्या आंधळ्या टोकाला, हवा वळवायला लावलेला परदा फाटलेल्या कोपऱ्यात ०.१४ ची सरासरी काही कामाची नाही. ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान तो स्फोटक असतो. म्हणून वायू मोजायचा तो छातीच्या उंचीवर नाही, छताजवळ. गॅस टेस्टिंगचं वेगळं प्रमाणपत्र असतं ते यासाठी, आणि कोळशाच्या मॅनेजरच्या परीक्षेला ते लागतं.

याच विषयातलं आणखी एक कोडं बघा. हवेला लागणारा दाब हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो, आणि वीज घनाने. कुणी म्हणालं, ‘हवा वीस टक्के वाढवा, पंखा थोडा जोरात फिरवा,’ तर १.२ चा घन १.७३, म्हणजे विजेचा खर्च ७३ टक्क्यांनी वाढला. म्हणून जाणता माणूस आधी पंख्याकडे जात नाही. हवा वाटेत कुठे गळते ते शोधतो. तुटलेली भिंत, उघडा राहिलेला दरवाजा, कोसळलेल्या मलब्याने अरुंद झालेली परतीची वाट. हे दुरुस्त केलं की पुष्कळदा पंख्याला हात लावावा लागत नाही. उष्णतेचाही आकडा लक्षात ठेवावा: ओल्या बल्बचं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, ज्यात हवेतला दमटपणाही कळतो) ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेलं की हवा निदान सेकंदाला १ मीटर वेगाने खेळती हवी. मे महिन्यात कळवा स्टेशनच्या पुलावर उभं राहणाऱ्याला ओल्या बल्बचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही.

ड्रिलिंग-ब्लास्टिंग तुमच्या अंगणातला विषय आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या दगडखाणींतून कित्येक वर्षं खडी निघाली, आणि नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंच टेकडी सुरुंगांनीच उतरवली. वर्गात जो हिशेब शिकवतात तो असा. सुरुंगाच्या होलचा व्यास ११५ मिलिमीटर, बेंचची, म्हणजे खडकाच्या कापलेल्या पायरीची, उंची ९ मीटर. होल आणि मोकळ्या तोंडामधलं अंतर, म्हणजे बर्डन, ३ मीटर. शेजारच्या होलपर्यंतचं अंतर, स्पेसिंग, ३.५ मीटर. बेंचच्या तळाखाली ०.९ मीटर जादा खोदायचं, नाहीतर तळाशी दगडाचा अंगठा उभा राहतो आणि पुढच्या पाळीचा शॉव्हेल (दगड उचलणारं यंत्र) त्याच्यावर दात मोडून घेतो. वरचे ३ मीटर बुजवायचे. त्याला स्टेमिंग म्हणतात. बेसाल्टमध्ये अशा एका होलमागे ९४.५ घनमीटर, म्हणजे २६० टनांच्या आसपास दगड सुटतो. बर्डन जास्त झालं तर दगड नीट फुटत नाही, मोठे धोंडे पडतात आणि सगळी ताकद जमिनीतून कंप होऊन शेजारच्या वस्तीत जाते. कमी झालं तर दगड उडतो. स्टेमिंगला ड्रिलची बारीक भुकटी वापरली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी वर सुटते. त्याजागी होलच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याची कचखडी हवी, जी दाबाखाली एकमेकींत अडकते.

वस्तीजवळ खरा प्रश्न कंपांचा. तो एका क्षणी किती बारूद फुटली यावर ठरतो, एकूण किती यावर नाही. अंतर भागिले बारूदच्या किलोंचं वर्गमूळ, असं माप घेतात. घर १०० मीटरवर आणि एका विलंबाला, म्हणजे एका क्षणी फुटणाऱ्या टप्प्याला, २५ किलो, तर माप २०. तेच १०० किलो केले तर माप १०. माप निम्मं झालं की कंप दुप्पट होत नाही; खडकावर अवलंबून साधारण तिप्पट होतात. डीजीएमएसच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांसाठी मर्यादा आहे: ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्याच्या वर १५. आकड्यापेक्षा त्यातली मेख बघा. कंप जितके संथ तितकी मर्यादा कडक, कारण संथ कंपांशी घराची स्वतःची लय जुळते आणि भिंत डोलायला लागते. मोजणीत हमखास चुकतं ते यंत्र ठेवण्यात. कंप टिपणारा जिओफोन मऊ मातीवर किंवा फरशीवर नुसता ठेवून दिला तर तो स्वतःच नाचतो आणि भलताच आकडा देतो.

सर्व्हेबद्दल एवढंच: कंटाळा करू नये. उंची मोजायच्या लेव्हलच्या वहीत मागच्या आणि पुढच्या वाचनांची बेरीज जुळली म्हणजे काम बरोबर, असा समज असतो. जुळणी फक्त वहीतली आकडेमोड बरोबर असल्याचं सांगते. पट्टीवरचं वाचनच चुकलं असेल तर ती गप्प राहते. त्यासाठी सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन बंद करावंच लागतं. जमिनीखाली कोनात फक्त १ मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक झाली तर ५०० मीटरवर साडेचौदा सेंटिमीटर होतात, ५ मिनिटांची झाली तर पाऊण मीटरच्या घरात. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाल्यात शेजारच्या पाण्याने भरलेल्या जुन्या खोदकामातून पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली. जुन्या, पाणी भरलेल्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही हा नियम तुम्ही पाळता की नाही, हे शेवटी नकाशा किती खरा आहे यावर ठरतं. नकाशाच दहा मीटरने चुकला असेल तर नियम पाळूनही तुम्ही पन्नासवर उभे असता.

खुल्या खाणीत धोका नाही असं समजून मुलं भूमिगत टाळतात. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमधल्या राजमहल खुल्या खाणीत माती-दगडाचा ढिगारा घसरला आणि २३ कामगार दगावले. विदर्भात ढिगाऱ्याखाली काळी माती असते. पावसात ती साबणासारखी होते आणि वरचा डोंगर तिच्यावरून सरकतो. ढिगाऱ्याचा उतार किती यापेक्षा पायथ्याचं पाणी कुठे जातं हे आधी बघायचं असतं.

ट्रेनिंग. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुट्ट्यांत काही आठवड्यांचं खाण-प्रशिक्षण असतं. व्हीएनआयटीला बसून याची चैन आहे: वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॅंगनीजवाली मॉइल, दोन्हींची मुख्य कार्यालयं नागपुरात, उमरेड-चंद्रपूरचा कोळसा आणि भंडाऱ्याची डोंगरी बुजुर्ग एका दिवसाच्या टप्प्यात. एक ट्रेनिंग कोळशात, एक धातूत घ्यावं, आणि दोन्हीतलं निदान एक भूमिगत. हेल्मेट, दिवा, सेल्फ रेस्क्युअर (विषारी वायूत श्वास घ्यायचं कमरेचं उपकरण) खाणीकडून मिळतात. बूट मात्र स्वतःचे, आधी महिनाभर वापरून मऊ केलेले असावेत. नवे कोरे सेफ्टी बूट घालून इनक्लाईनचा, म्हणजे खाणीच्या तिरक्या वाटेचा, उतार चढणाऱ्याची दुसऱ्या दिवशी टाच सोललेली असते. घड्याळ, मोबाइल, काडेपेटी, लायटर, सिगारेट काहीही कोळसा खाणीत खाली न्यायचं नाही. तपासणी होते आणि ती गंमत नसते. वही छोटी आणि पेन्सिल, कारण घामाने बॉलपेन चालत नाही. रोज वर आल्यावर त्याच संध्याकाळी हाताने हवेच्या वाटांचा नकाशा काढावा. अहवालात आदल्या वर्षीच्या मुलांची पानं चिकटवणं ही कॉलेजांतली जुनी परंपरा आहे आणि मुलाखतीत ती पहिल्या तीन प्रश्नांत उघडी पडते.

पदवीनंतर एक वर्षाचं व्यावहारिक प्रशिक्षण, पीजीपीटी. मग ठरावीक अनुभव, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, वैद्यकीय तंदुरुस्ती, कोळशासाठी गॅस टेस्टिंग, आणि मग सेकंड क्लास, फर्स्ट क्लास मॅनेजरची परीक्षा. इथे दोन फाटे आहेत, आणि ते वेळेवर न कळल्याने माणसं वर्षं गमावतात. पहिला: कोळशाचं प्रमाणपत्र वेगळं, धातूच्या खाणींचं वेगळं. दुसरा: अनुभव फक्त खुल्या खाणीतला असेल तर प्रमाणपत्रावर ‘फक्त खुल्या खाणींसाठी’ अशी मर्यादा येते. घराजवळची सोपी पोस्टिंग म्हणून चार वर्षं खुल्या खाणीत काढली, मग भूमिगत खाणीची जागा आली आणि हातातलं प्रमाणपत्र चालेना, असं होतं. प्रशिक्षणातच भूमिगत दिवस भरून घ्यावेत आणि अनुभवाच्या दाखल्यावर खाणीचं नाव, तारखा, काम कुठल्या प्रकारचं हे स्वच्छ लिहून घ्यावं. ‘कंपनीत काम केले’ अशा मोघम दाखल्यावर अर्ज परत येतो. कायदा कुठला वाचायचा हेही बघून घ्यावं: १९५२ चा खाण कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन केलेला आहे, कोळशाची नियमावली २०१७ ची, धातूची १९६१ ची. जुन्या गाईडमधली कलमं तशीच पाठ करू नयेत.

सरकारी नोकरीचा मोठा दरवाजा म्हणजे कोल इंडिया. अलीकडे गेट या अभियांत्रिकी पदवीधरांच्या परीक्षेतल्या गुणांवर मॅनेजमेंट ट्रेनी घेतले गेले आहेत, मायनिंगचा पेपर वेगळा. प्रशिक्षणात ई-२ श्रेणी, मूळ वेतन ५०,००० पासून, आणि पुढे ई-३ मध्ये ६०,००० पासून. त्यावर भत्ते. भरती दरवर्षी निघतेच असं नाही, म्हणून केवळ तिच्या भरवशावर घराचं गणित मांडू नये.

मुलींचं. जुन्या कायद्यात स्त्रियांना जमिनीखाली कामाला बंदी होती. जानेवारी २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वाट मोकळी झाली: जमिनीखाली तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७, लेखी संमतीने, आणि निदान तिघींच्या गटाने, खुल्या खाणीत रात्रीही, त्याच धर्तीच्या अटींवर. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी सेंट्रल कोलफील्ड्सच्या चुरी भूमिगत खाणीत रुजू झाल्या; कोल इंडियात भूमिगत काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला खाण अभियंता. म्हणजे दार उघडं आहे, पण गर्दी अजून नाही. तिघींच्या अटीमुळे एखाद्या छोट्या खाणीत एकच महिला अभियंता असेल तर तिला खाली पाठवायला व्यवस्थापन कां-कूं करतं, आणि मग तिचे भूमिगत दिवस भरत नाहीत. म्हणून मुलीने पोस्टिंगच्या वेळी मोठी भूमिगत खाण मागावी, आणि रोजच्या उतरण्याच्या नोंदीची स्वतःची प्रत ठेवावी. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली यांची चौकशी संकोच न करता रुजू होण्याआधी करावी. त्या कायदेशीर सोयी आहेत, मेहेरबानी नाही.

राहिला ठाण्याचा प्रश्न. कोळशाची-धातूची खाण इथे नाही, पण खडक फोडणं भरपूर आहे. कळव्याला राहता म्हणजे १९१६ चा पारसिक बोगदा जवळच आहे. आता ठाणे-बोरिवली जुळे बोगदे चालले आहेत, बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा आहे; त्यातला घणसोली ते शिळफाटा हा सुमारे ५ किलोमीटरचा तुकडा ड्रिल-ब्लास्ट करूनच खोदला. होल मारणं, भरणं, उडवणं, धूर बाहेर काढणं, मलबा उचलणं, सुटे दगड पाडणं, शॉटक्रीट (खडकावर फवारायचं काँक्रीट), बोल्ट हे चक्र मायनिंगवाल्याच्या हातचं असतं. ब्लास्टिंग, व्हेंटिलेशन, खडक-देखरेख या जागांवर त्याला मागणी असते. याशिवाय खाणींचं नियोजन करणारी डेस्कवरची कामं आहेत. तिथे सर्पॅक, डेटामाईन, मायनेक्ससारखी सॉफ्टवेअर येणं लागतं, आणि खाणीत दोन-चार वर्षं काढलेल्याचंच नियोजन ऐकलं जातं. एक सावधगिरी: प्रमाणपत्राला लागणारा अनुभव खाणीतला हवा. बोगद्यातले महिने त्यात जमा होतील असं गृहीत धरून कुणी आधी टनेलमध्ये शिरू नये. आधी प्रमाणपत्र, मग ठाण्याला परत, हा क्रम बरा.

मुलीला या विषयाची गोडी आहे का हे प्रवेशाआधी बघायचं असेल तर एक रविवार पुरे. दगडखाणीत शिरू नका, ती खासगी आणि धोक्याची जागा. खारघर किंवा बेलापूरकडे रस्त्यासाठी कापलेला, जाळी बसवलेला एखादा उघडा कडा सुरक्षित अंतरावरून बघा, पावसाळा सोडून. बेसाल्टमध्ये भेगांचे दोन-तीन संच सहज दिसतात. प्रत्येक संचातल्या दोन भेगांमधलं अंतर अंदाजाने टिपा. समजा २० सेंटिमीटर, २५ सेंटिमीटर आणि अर्धा मीटर. म्हणजे मीटरमागे ५, ४ आणि २ भेगा, बेरीज ११. पाल्मस्ट्रॉमच्या १९८२ च्या सूत्राने ११५ वजा ३.३ गुणिले ११, उत्तर ७९ च्या आसपास. हा खडकाच्या गुणवत्तेचा निर्देशांक. ७५ ते ९० ला ‘चांगला’ म्हणतात. मग त्याच कड्यात लाल-तांबडा मातकट पट्टा दिसतो का बघा. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला तो लाल बोल. पाणी लागलं की फुगतो, आणि वर ७९ चा खडक असला तरी बोगद्यात त्रास याच पट्ट्यावर होतो. हे बघताना मुलगी ‘मग तिथे आधार कसा देतात?’ असं आपणहून विचारत असेल तर कॉम्प्युटरची सीट सोडायला हरकत नाही. मोबाइल बघत बसली तर तेही उत्तरच आहे.

आणि जोसाचे पर्याय लॉक करण्याआधी एक काम विसरू नका: डोळे. रंगांधळेपणा किंवा एकाच डोळ्याने दिसत असेल तर मायनिंगच्या प्रवेशाला आणि पुढे नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला अडचण येऊ शकते, आणि पुष्कळांना आपण रंगांधळे आहोत हे माहीतच नसतं. मुलींमध्ये ते कमी, पण शून्य नाही. ठाण्यातल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तिकेवर ही तपासणी पाच मिनिटांत होते. निकाल लेखी घ्या आणि प्रवेशाच्या कागदांत ठेवा.